मासोळी तलावातली की ट्रकातली?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

नागपूरच्या कुठल्याही मासोळी बाजारात पाच मिनिटं उभं राहा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक टोपलीकडे बोट दाखवून विचारतं, "तलावातली आहे ना?" विकणारी बाई दोन ढीग दाखवते. "बाई, हे तलावातली हाये, अन् ते ट्रकातली. कोणती देऊ?" ट्रकातली म्हणजे आंध्रातल्या मोठमोठ्या शेततळ्यांत वाढवलेली, बर्फात घालून इकडे आलेली. तलावातली म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या तलावातली. तलावातली महाग असते, तरी आधी संपते ती तीच.

मी अनेक वर्षं आहारशास्त्र शिकवलं. त्यामुळे ओळखीची माणसं हा प्रश्न माझ्यापर्यंत आणतात. जास्त पैसे मोजून जास्तीचं काय मिळतं? पाळलेल्या मासोळीत खरंच सत्त्व कमी असतं का? एका वाक्यात उत्तर द्यायचं तर 'तलावातली' या शब्दाला भुलू नका आणि 'ट्रकातली' या शब्दाला घाबरू नका. पण उत्तर इथे संपत नाही. ज्या मासोळीबद्दल आपण विचारायलाच विसरलो, तिच्यापर्यंत मला तुम्हाला न्यायचं आहे.

रानातली कोणती, पाळलेली कोणती?

आधी एक गैरसमज दूर करू. तलावात सापडलेला रोहू हा जंगली मासा असतो, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे वाहत्या नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करून आणावं लागे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि चित्र बदललं. तो दिवस होता १० जुलै. देशात हा दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि तलावातलालांत सोडलं जाऊ लागलं.

म्हणजे आपल्या तलावातला रोहू जन्मतो बीज केंद्रात, पण वाढतो तलावातल्या नैसर्गिक खाद्यावर. त्याला धड रानातला म्हणता येत नाही, धड पाळलेलाही म्हणता येत नाही. ट्रकातला रोहू जन्मतो तसाच, पण त्याला रोज खाद्य मिळतं. आंध्रातल्या तळ्यांत भाताचा कोंडा आणि पेंड हे मुख्य खाद्य असतं. तिसरा प्रकार पुरता पाळीव. पंगस, तिलापिया, रूपचंद हे तो खाल्लेल्या गोळीखाद्यावर झपाट्याने वाढतात. आणि चौथा प्रकार खराखुरा रानातला. मरळ, वाम, शिंगी, तलावातले झिंगे आणि बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या. यांना कोणी सोडत नाही, कोणी खाऊ घालत नाही. त्या तिथेच जन्मतात आणि तिथेच वाढतात.

प्रथिनं सारखीच, फरक चरबीत

आता सत्त्वाकडे येऊ. प्रथिनांच्या बाबतीत वाद फारसा नाही. शंभर ग्रॅम कच्च्या मासोळीत साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिनं असतात, मग ती तलावातली असो की ट्रकातली. पंगसमध्ये हे प्रमाण थोडं कमी भरतं. 'बासा' नावाने गोठवून येणाऱ्या त्याच्या कापांत कधी कधी पाणी धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. तेव्हा आपण पाण्याचेही पैसे देत असतो. पण घरात वाढत्या वयाची मुलं आहेत, हातात पैसा बेताचा आहे आणि प्रथिनं हवी आहेत, तर ट्रकातला रोहू हा उत्तम सौदा आहे. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही.

फरक पडतो तो चरबीत. मासोळीची चरबी चांगली म्हणतात ती तिच्यातल्या ओमेगा-३ या मेदाम्लांमुळे. हृदय, मेंदू आणि डोळे यांना ती उपयोगी असतात. पण मासा ती स्वतःहून फारशी बनवत नाही. ती बनवतं पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. अशी ती वर चढत जातात. म्हणून माशाच्या चरबीचा दर्जा हा त्याच्या खाण्याचा दर्जा असतो. तलावातल्या नैसर्गिक खाद्यावर वाढलेल्या माशाच्या चरबीत ओमेगा-३ चा वाटा चांगला असतो. कोंडा-पेंड खाऊन वाढलेल्या माशाच्या चरबीत कोंडा-पेंडीच्या तेलाची छाया उतरते.

हा वाद जगभर गाजला तो सालमन या माशावरून. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम रानातल्या अटलांटिक सालमनमध्ये सुमारे ६ ग्रॅम चरबी असते, तर पाळलेल्यात १३ ग्रॅम. पाळलेला मासा दुप्पट लठ्ठ. पण गंमत अशी, की ओमेगा-३ मोजलं तर पाळलेल्यातच ते जास्त भरतं. रानातल्यात सुमारे दीड ग्रॅम आणि पाळलेल्यात दोनच्या आसपास. कारण त्याला माशांचंच तेल घातलेलं खाद्य मिळत होतं. पुढे हे तेल महाग झालं, खाद्यात वनस्पती तेलं आली. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की २००६ ते २०१५ या काळात तिथल्या पाळलेल्या सालमनमधलं ओमेगा-३ निम्म्यावर आलं. मासा तोच होता, पाळणारे तेच होते, बदललं होतं फक्त खाद्य.

तिलापियाचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. धान्य-पेंडीच्या खाद्यावर वाढवलेल्या तिलापियात ओमेगा-३ कमी आणि ओमेगा-६ जास्त असतं, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली मांडलं आणि बराच गदारोळ झाला. तिलापिया विषारी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ओमेगा-३ साठी मासा खायचा असेल तर हा तो मासा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

मग ओमेगा-३ साठी नागपूरकराने काय खावं? तळलेल्या सालमनच्या मागे लागण्याची गरज नाही. बांगडा आणि तारली हे समुद्रातले मासे बर्फातून आपल्याकडे येतात. ते पकडलेले असतात, पाळलेले नसतात. मोठ्या माशांच्या मानाने स्वस्तही असतात आणि ओमेगा-३ त्यांच्यात भरपूर असतं. आपल्या विदर्भातल्या जवसाची आठवण इथे येणारच. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या जातीचं. मासोळीतल्या ओमेगा-३ मध्ये त्याचं रूपांतर करण्याची आपल्या शरीराची ताकद फार थोडी आहे. चटणी जरूर खावी, पण ती बांगड्याची जागा घेत नाही.

आणि एक घरातलं बोलते. रोहूच्या शंभर ग्रॅममध्ये चरबी असते जेमतेम एक ते तीन ग्रॅम. आपण सावजी पद्धतीचा रस्सा करतो तेव्हा तर्री यावी म्हणून माणशी दोन मोठे चमचे तेल सहज जातं. म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या पुढे. तलावातल्या आणि ट्रकातल्या रोहूच्या चरबीतला जो काही फरक होता, तो त्या तर्रीत बुडून जातो. महागडी मासोळी आणून ती तेलात पोहायला सोडायची, यात शहाणपण नाही.

ज्या मासोळीबद्दल कोणी विचारत नाही

इथवर आपण मोठ्या माशाच्या तुकड्याबद्दल बोललो. खरा फरक आहे तो तुकड्यात खाल्लेल्या आणि अख्ख्या खाल्लेल्या मासोळीत.

मोला नावाची एक बोटाएवढी चंदेरी मासोळी आहे. भारतातल्या बहुतेक भागांत, आपल्या गोड्या पाण्यातही ती सापडते. बंगाली मंडळी तिला मौरला म्हणतात आणि आवडीने खातात. बांगलादेशात तपासलेल्या नमुन्यांत शंभर ग्रॅम मोलामध्ये अ जीवनसत्त्व सुमारे २,५०० मायक्रोग्रॅम, कॅल्शियम ८५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि लोह ५ मिलिग्रॅमच्या वर मिळालं. त्याच तपासणीत पाळलेल्या रोहूमध्ये अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, कॅल्शियम ५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि लोह १ मिलिग्रॅम. एवढा मोठा फरक का? कारण रोहूचा आपण तुकडा खातो आणि काटे ताटाच्या कडेला ठेवतो. मोला डोक्यासकट, काट्यांसकट पोटात जाते. कॅल्शियम काट्यांत असतं. अ जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि पोटातल्या भागात असतं. डोकं छाटून टाकलं की ते कचऱ्यात गेलं. कडक उन्हात वाळवलं तरी ते जवळजवळ सगळं नष्ट होतं. म्हणून सुकी मासोळी कॅल्शियम आणि लोहासाठी चांगली, पण अ जीवनसत्त्वासाठी ताजीच हवी.

हा विषय जगापुढे आणण्यात डॉ. शकुंतला थिलस्टेड यांचा मोठा वाटा आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या या बाईंनी बांगलादेशात लहान मासोळ्यांवर अनेक वर्षं काम केलं. २०२१ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बांगलादेशातली दुसरी एक पाहणी तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९९१ ते २०१० या काळात तिथल्या माणसाच्या ताटातली मासोळी ३० टक्क्यांनी वाढली. तळ्यात पाळलेले मासे स्वस्त झाले होते. प्रथिनं वाढली, चरबी वाढली. पण मासोळीतून मिळणारं लोह आणि कॅल्शियम मात्र कमी झालं. मासोळी जास्त खाऊनही पोषणाचा एक भाग घटला, कारण अख्ख्या खायच्या लहान मासोळ्यांची जागा मोठ्या माशांच्या तुकड्यांनी घेतली होती.

हे मला आपल्याकडेही घडताना दिसतं, म्हणून मी काळजीने बोलते. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. निम्म्याहून जास्त. मासोळीतलं लोह शरीरात सहज शोषलं जातं आणि सोबतच्या भात-भाजीतलं लोह शोषायलाही ते मदत करतं. अशा वेळी लोहाची ही डबी गावाच्या तलावातून नाहीशी होणं परवडणारं नाही.

मोहाची पेंड आणि मामा तलाव

ती नाहीशी का होते? पूर्व विदर्भात सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले पुष्कळसे बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. धानाला पाणी आणि ढिवरांना मासोळी, अशी ही जुनी व्यवस्था.

मत्स्यशेतीच्या पुस्तकांत मात्र लहान मासोळ्यांना नाव आहे 'तणमासे'. शेतातलं तण उपटावं तसे ते बीज सोडण्याआधी काढून टाका, असा सल्ला. त्यासाठी शिफारस केलेली वस्तू आपल्या ओळखीची आहे, मोहाची पेंड. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे तळ्यातले मासे मरतात आणि पुढे तीच पेंड खताचं काम करते. तज्ज्ञांचा हिशेब साधा होता. कटला-रोहूचं खाद्य तणमाशांनी खाऊ नये. किलोच्या हिशेबात तो बरोबरही होता. जीवनसत्त्वाचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

शिवाय गवत्या म्हणजे ग्रास कार्पसारखे परदेशी मासे तलावात आले. ते पाणवनस्पती खातात. वनस्पती गेल्या की स्थानिक मासोळीची अंडी घालायची आणि पिल्लं लपवायची जागा गेली. काठाने बेशरम माजली, शेतातली खतं-औषधं वाहून आली. सहकारी संस्थेच्या वहीत कटला-रोहूचं वजन लागत होतं. ढिवर बायका घरच्या कालवणापुरत्या ज्या मासोळ्या आणत, त्यांची नोंद कुठेच नव्हती. त्यामुळे त्या कमी झाल्या तरी कागदावर काहीच कमी झालं नाही.

याला उलटं वळण देण्याचा प्रयत्न आपल्या जवळच झाला आहे. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर काम केलं. बेशरम काढली, तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासोळीला वाव दिला. कोणती वनस्पती कोणत्या मासोळीला लागते, हे ज्ञान ढिवरांकडेच होतं. त्या कामात ढिवर स्त्रिया पुढे आल्या. आणि कटला-रोहूचं नुकसान होतं का? बांगलादेशातल्या प्रयोगांत कार्प आणि मोला एकाच तळ्यात वाढवले, तेव्हा कार्पचं उत्पादन घटलं नाही. म्हणजे कटला-रोहू विकायला आणि लहान मासोळी घरी खायला, ही दोन्ही कामं एकच तलाव करू शकतो.

आणि पाण्याचं काय?

रानातली मासोळी म्हणजे शुद्ध, हीसुद्धा समजूत तपासून घ्यावी. २००४ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या तपासणीत पाळलेल्या सालमनमध्ये काही घातक रसायनं रानातल्यापेक्षा जास्त सापडली. ती आली होती खाद्यातून. पण उलटंही घडतं. समुद्रातले मोठे शिकारी मासे, उदाहरणार्थ मोठी मुशी, हे पुरते रानातले. तरी त्यांच्या अंगात पारा साठत जातो, कारण ते वर्षानुवर्षं दुसऱ्या माशांना खातात. गरोदर बाईने ते टाळावेत. लहान बांगडा, तारली यांची अशी भीती नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत जातं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. त्या जलाशयावर जगणाऱ्या मासेमारांच्या जाळ्यात जे येतं, ते रानातलंच. पण त्याच्या पाण्यात आपल्या स्वयंपाकघरांतलं, न्हाणीघरांतलं आणि कारखान्यांतलं पाणी मिसळलेलं असतं. मासोळी शुद्ध हवी म्हणून बाजारात चौकशी करणारे आपण, आणि तिचं पाणी नासवणारेही आपणच.

ट्रकातल्या मासोळीबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ताजेपणा. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, बोटाने दाबलेला खळगा भरून यायला हवा. बर्फ भरपूर हवा. २०१८ साली केरळ आणि गोव्यात मासे टिकवण्यासाठी फॉर्मलिन वापरल्यावरून गाजावाजा झाला होता. ते वापरायला बंदी आहे. दोन, थाई मागूर. या माशाच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. तो स्थानिक माशांना खाऊन टाकतो आणि बऱ्याचदा सडक्या मांसावर वाढवला जातो. मागूर या नावाखाली तो विकला जात असेल तर घेऊ नका.

मग घ्यावं काय?

रोजच्या प्रथिनांसाठी कटला-रोहू, तलावातला किंवा ट्रकातला, जो ताजा असेल तो. तलावातल्याला चव असते, त्यासाठी जास्त पैसे द्यायचे तर खुशाल द्या. आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारली. आणि जमेल तेव्हा पावशेर लहान मासोळी, डोकं न छाटता, बेताच्या तेलात, कांदा आणि चिंच घालून केलेली. चार-पाच वर्षांच्या मुलाची अ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज भागवायला ताज्या मोलाची मूठभर मासोळी पुरेशी ठरते. लहान मुलाला देताना मात्र काटे मऊ शिजलेत ना, हे बघून कुस्करून द्या.

या मासोळ्या बाजारात बहुधा कडेला बसलेल्या बाईकडे असतात, एका लहान पाटीत, दुपारच्या आत संपतील एवढ्याच. साफ करायला वेळ लागतो म्हणून आपण तिच्यापुढून निघून जातो. गिऱ्हाईक नसलं की ती उद्या त्या आणणार नाही. आणि ती आणेनाशी झाली की तलावातही त्या हव्यात, असं म्हणणारं कोणी उरणार नाही. पुढच्या रविवारी बाजारात जाल तेव्हा तलावातली की ट्रकातली, हे जरूर विचारा. पण आधी तिच्या पाटीपाशी थांबा आणि विचारा, "बारीक मासोळी आणली का आज?"